सर्वपित्रीला शिवडीत काय असतं?

भाद्रपद संपत आला की फोन सुरू होतात. नातेवाईक विचारतात, "सर्वपित्रीला घरी पान वाढायचं सोडून दुर्बीण गळ्यात घालून दिवसभर कुठे भटकतोस?" पक्षी बघणारे मित्र विचारतात, "जायचंच तर शिवडीला कशाला? रोहित यायला अजून वेळ आहे." (रोहित म्हणजे फ्लेमिंगो.) दोन्ही बाजूंना मी आजवर गुळमुळीत उत्तरं दिली. यंदा तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत, तर एकदाच काय ते सांगून टाकतो.

आधी कबुली. त्या दिवशी स्वयंपाक बायको करते. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं ती. मी सहाला बाहेर पडतो आणि अंधारात परत येतो. हे चूक आहे असं ती म्हणत नाही, पण डबा देताना बोलतही नाही. तेव्हा मी फार काही थोर करतोय असा माझा दावा नाही.

आता शिवडी. मुंबईत शरद ऋतू झाडांवर दिसत नाही. ऑक्टोबरची काहिली सुरू होते, एवढंच. पण गणपती गेले की एखाद्या सकाळी आमच्या गच्चीवर धोबी पक्षी येतो, शेपटी वरखाली करत टाकीखालच्या ओलीत तुरुतुरु चालतो, आणि मला कळतं की उत्तरेकडची माणसं यायला लागली. (पक्ष्यांना माणसं म्हणायची माझी सवय घरात कुणाला आवडत नाही.) रोहितांची गर्दी शिवडीला थंडीत होते. त्यांच्या कितीतरी आधी हिमालयापलीकडून चिखले आलेले असतात, तुतवार आलेले असतात. मुठीत मावतील एवढे, चिखलाच्याच रंगाचे. त्यांच्यासाठी कुणी शाळेची सहल काढत नाही.

सर्वपित्री म्हणजे अमावस्या, म्हणजे उधाण. भरतीची वेळ काढायचं गणित बाबांनी शिकवलेलं: तिथीची पाऊणपट करायची. अमावस्येची पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. म्हणजे सकाळी सातला जेट्टीवर पोचलं की समोर दूरवर नुसता चिखल, पक्षी ठिपक्यांएवढे. मग पाणी चढायला लागतं आणि चिखल खाता खाता त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. नऊच्या सुमारास चिखले इतके जवळ येतात की दुर्बीण खाली ठेवावी. मागे अटल सेतूचे खांब. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला, त्याचं बांधकाम सुरू होण्याआधी तिथे नुसतं पाणी आणि धुकं असायचं.

बाबा देवगडकडचे. आयुष्य गोदीत गेलं. माझ्या नादावर त्यांचं एकच वाक्य होतं, "कावळे-चिमण्या बघायला दुर्बीण कशाला रे?" पण कालनिर्णय बघून भरती-ओहोटीची वेळ मात्र तेच सांगायचे, मी न विचारता. निवृत्तीनंतरच्या एका सप्टेंबरात, मी बूट घालत असताना म्हणाले, "त्या शिवडीला मलाही ने एकदा. गोदी सुटल्यापासून त्या बाजूला गेलो नाही."

मी म्हटलं, "आत्ता काय आहे तिथे? डिसेंबरात जाऊ, रोहित दाखवतो."

डिसेंबरात त्यांचा गुडघा धरला होता. जानेवारीत मला वेळ नव्हता, असं मी सांगत आलो. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मी शिवडीला चार वेळा गेलो, मित्रांबरोबर. टॅक्सीने जेट्टीपर्यंत जाता येतं, गुडघ्याची अडचण नव्हती. मला त्यांना सावकाश चालवायचं नव्हतं, इतकंच. जूनमध्ये ते गेले.

दहाव्याला बाणगंगेला होतो. पाऊस थांबला होता, पायऱ्या निसरड्या. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळा येईना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." काका हात जोडून म्हणाले, "वहिनींकडे आम्ही बघू." कावळे होते, झाडावरच होते, पण खाली कुणी येईना. आतेभाऊ म्हणाला, "नातवाचं शिक्षण पुरं करू, काळजी करू नकोस मामा." काहीच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "हा पक्ष्यांचा माणूस ना? याला विचारा."

आणि मी उत्तर दिलं. म्हणालो, "सकाळपासून इथे किती पिंड झाले असतील. पोटं भरली आहेत त्यांची."

हे खरं होतं. देवळाच्या शिखरावर एक घार बसली होती आणि दोन कावळे तिच्या मागे लागले होते, हेही खरं. पण ते कुणी विचारलं नव्हतं. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मी मान वर केली, तर पिंपळाच्या फांदीवर एक कावळी पिल्लाला भरवत होती. पिल्लू काळंभोर, चोच वासून पंख थरथरवणारं, आणि तिचं नव्हतं. कोकिळेचं होतं. माझा हात झोळीत गेला. दुर्बीण नेहमी झोळीत असते, मुद्दाम आणली नव्हती. ती डोळ्यांना लावून मी किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही. काका म्हणतात पाच मिनिटं. मी म्हणेन दहा सेकंद.

"अरे, बापाचा दहावा आहे," काका म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटतं मी तेव्हा माणुसकी सोडली, किंवा श्रद्धा नाही म्हणून आखडलो. तेव्हा मलाही वाटलं होतं की मी विज्ञानाच्या बाजूने उभा आहे. आता त्या माणसाशी माझं जमत नाही. दुर्बीण लावली कारण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. राहिलेली इच्छा तिथे एकट्या मला ठाऊक होती, आणि ती बोलायची तर चार वेळांचा हिशेब द्यावा लागला असता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवला.

मी बोललो असतो तर कावळा आला असता का? नाही, असं मी आजही म्हणतो. घार बसलेलीच होती. बायको म्हणते, "पण बोलून बघायचं होतंस."

म्हणून सप्टेंबर. म्हणून रोहित नसताना. हे बाबांसाठी आहे असं म्हणायचा मोह होतो, पण तसं असतं तर आधी घरी बसून पान वाढलं असतं. कधी वाटतं, घरातून पळायला मला एक सोज्वळ निमित्त सापडलंय. दोन्ही असेल. साडेदहाला चिखल बुडाला की मी तिथून निघतो, धारावीजवळच्या निसर्ग उद्यानात जातो. एके काळी तिथे कचऱ्याचे ढीग होते, आता वेडे राघू तारेवर बसतात, कोतवाल त्यांच्या तोंडचे किडे पळवतो. तिथेच डबा खातो. संध्याकाळी माहीमची खाडी, पाणी उतरलेलं, बगळे. बाणगंगेला अजून गेलेलो नाही, ते विचारू नका.

दुपारी कधीतरी बायकोचा फोन येतो. गच्चीवर पान ठेवलं, दोन मिनिटांत कावळा आला. दरवर्षी दोन मिनिटांत. मी विचारतो, "मानेवर करडा होता की डोमकावळा?" ती फोन ठेवते.

काकांनी यंदा वेगळंच विचारलं, "तिथे बसायला जागा आहे का रे?" जेट्टीवर कट्टा आहे, काका. अमावस्याच असते, त्यामुळे पुढच्या वर्षीही भरती सव्वाअकराच्या आसपासच. पावणेसातला शिवडी स्टेशन, पूर्वेकडे. टॅक्सी करू. रोहित नसतील, आधीच सांगतो.