आमची वाटचाल : ओतकामातली भोके

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर आम्ही पंपाच्या केसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) मशिनिंग सुरू केले आणि पुढे शिरोली एमआयडीसीत स्वतःची शेड उभी केली. त्या सगळ्या काळात आमचे ओतकाम एकाच फाउंड्रीकडून येत होते. भाव वाजवी होता, माणसे ओळखीची होती, त्यामुळे दर पावसाळ्यात वाढणारे रिजेक्शन आम्ही धंद्याचा भाग समजून बरीच वर्षे सोसले.

या रिजेक्शनचे कारण ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून कास्टिंगमध्ये राहिलेले भोक. त्याची अडचण अशी, की ते वरून दिसत नाही. कास्टिंग पारखून घ्यावे, चकवर बांधावे, रफिंग (पहिली ढोबळ कापणी) उरकावे, आणि शेवटच्या कटाला चकचकीत सीटवर (दुसरा भाग जिथे बसतो त्या पृष्ठभागावर) मसुराएवढे, गुळगुळीत कडांचे भोक उघडे पडावे. फाउंड्री कास्टिंगचे पैसे किलोच्या दराने वळते करून देते. पण तोवर खर्ची पडलेले मशिनचे तास, इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोके) आणि कारागिराची मजुरी कोणत्याच डेबिट नोटमध्ये बसत नाही. एकदा पाण्याच्या टाकीत हवेच्या दाबाची चाचणी घेताना बुडबुडे आले आणि ती जागा खरवडली, तेव्हा आतून भोक बुजवायला भरलेली करडी लांबी (पुट्टी) निघाली. त्या दिवशी मी फोनवर जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

रागाच्या भरात पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना) उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेला. तेथील सुरुवातीचे लॉट चांगले आले आणि आषाढ लागताच तीच भोके पुन्हा दिसू लागली. तेव्हा कुठे मला शंका आली, की दोष एकट्या फाउंड्रीचा नसावा. पॅटर्न पहिल्या फाउंड्रीत परत आणला, त्यावर ओतण्याची तारीख उमटेल अशी बदलती पट्टी बसवून घेतली आणि प्रत्येक नापास नगाची तारीख वहीत मांडायला सुरुवात केली. दोन महिन्यांत वहीच बोलू लागली : बहुतेक नग साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीचे होते.

अशाच एका दिवशी सकाळी भट्टी पेटण्याआधीच मी फाउंड्रीत पोहोचलो. सुट्टीआधी केलेले कोअर (कास्टिंगची आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) उघड्या रॅकवर, गळक्या पत्र्याखाली रचून ठेवलेले होते. सोडियम सिलिकेटने वाळू बांधून केलेला कोअर दमट हवेतला ओलावा धरतो, आणि वितळलेल्या धातूचा सुमारे 1400 अंशांचा रस त्याला भिडला की त्या ओलाव्याची वाफ होऊन वरच्या बाजूला अडकते. कोअर इतके आधी का करून ठेवता, असे विचारल्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘साहेब, तुमचा फोन आला की माल त्याच दिवशी लागतो, मग साठा ठेवायला नको का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता आम्ही महिन्याचे वेळापत्रक आधी देतो, किलोमागे थोडा जास्त दर मोजतो, आणि त्या बदल्यात कोअर त्याच दिवशी करून, गरम करूनच साच्यात बसवले जातात. लांबी भरायची नाही, हेही लेखी ठरले. रिजेक्शन पूर्ण थांबलेले नाही. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या लेडलचे (रस ओतायच्या भांड्याचे) नग अजूनही वेगळे ठेवतो आणि बाकी काम करण्याआधी त्यांचे सीट कापून पाहतो.