डीजे सराव, सातवा महिना: १०२ मधून २०४

मागच्या नोंदीपर्यंत माझे सगळे सेट १२४ ते १२८ बीपीएममध्येच (मिनिटाला पडणारे ठोके) फिरत होते. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातलं हाऊस, थोडं टेक्नो, पुन्हा हाऊस. या महिन्यात ती चाकोरी मोडली, आणि मोडली ती एका डाउनलोडमुळे: २०१७ साली युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलनं काढलेला 'साऊंड्स ऑफ सिस्सो' हा संग्रह. टांझानियातल्या दार एस सलामचं सिंगेली संगीत, दोनशे बीपीएमच्याही पुढे पळणारं. पहिल्यांदा ऐकल्यावर प्रश्न पडला, हे जोडायचं कशाशी?

उत्तर दुपटीत सापडलं. २०४ चा ट्रॅक १०२ च्या डान्सहॉलवर (जमैकाचं नाचाचं संगीत) बरोबर बसतो. संथ ट्रॅकच्या एका ठोक्यात सिंगेलीचे दोन. सॉफ्टवेअर बऱ्याचदा अर्धाच आकडा दाखवतं, तो तसाच राहू द्या, जुळवायला सोपं जातं. फक्त फ्रेज, म्हणजे ट्रॅकचा एक सलग तुकडा, मोजताना लक्ष ठेवा: संथ ट्रॅकचे १६ बार (चार ठोक्यांचा एक बार) होतात तेव्हा सिंगेलीचे ३२ झालेले असतात. मी आधी सिंगेलीचा बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, पूर्ण कापून नुसते वरचे ठोके आत सोडतो आणि फ्रेज संपताना बेसची अदलाबदल करतो. तीन संध्याकाळी घसरत गेल्या. चौथ्या दिवशी जोड बसला आणि अंगावर काटा आला!

हे संगीत पुण्यातल्या माझ्या खोलीत रेकॉर्डच्या वाटेनं कधी आलं असतं? बाहेरून एक बारा इंची मागवायची तर टपालखर्चच जीव काढतो, आणि अशा रेकॉर्ड निघतात मोजक्याच प्रतींत. २००४ मध्ये बीटपोर्ट हे ऑनलाइन संगीत दुकान सुरू झालं तेव्हापासून डीजेंना एकेक ट्रॅक सुटा विकत घेता येतो. त्यातला एखादा आवडला नाही तरी नुकसान थोडं. म्हणूनच अनोळखी गावाचं संगीत घेऊन बघायची हिंमत होते. मी खरेदी शक्यतो बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवर, ठरावीक शुक्रवारी येणाऱ्या बँडकॅम्प फ्रायडेला करतो, त्या दिवशी साइटवाले आपला वाटा सोडतात आणि कलाकाराच्या हाती जास्त पैसे जातात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक फटका बसला. मित्राकडच्या जुन्या प्लेअरवर माझी ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे जास्त सॅम्पल रेटची, फाइल वाजलीच नाही. आता सगळं ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट एआयएफएफमध्ये (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार) करून ठेवतो. पाच मिनिटांचा ट्रॅक साधारण ५० एमबी होतो, पण टॅग (फाइलमधली नाव-कलाकाराची माहिती) नीट टिकतात.

महिन्याला बाराच ट्रॅक घ्यायचे, हा नियम केलाय. प्रत्येक ट्रॅक आधी पूर्ण ऐकायचा, क्यू (ट्रॅक जिथून सुरू करायचा त्या खुणा) लावायचे, मगच पेनड्राइव्हवर. पुढच्या बारा ट्रॅकमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचं गोम हे नाचाचं संगीत घेतोय. त्याची किक (ड्रमचा जड ठोका) तुटक पडते, त्यामुळे सरळ चार ठोक्यांच्या हाऊसमधून त्यात शिरताना माझा हात अजून अडखळतो. कोणी हा जोड बसवला असेल तर बेस कुठे बदलता ते जरूर सांगा.