ग्रीसचा हेअरकट नेमका किती?

देशाने कर्ज बुडवलं की धनकोच्या हाती शेवटी काय उरतं, हा माझ्या पीएचडीच्या कामाचा गाभा. एम.ए.च्या प्रात्यक्षिकाला तोच प्रश्न दिला होता. मार्च 2012 मधली ग्रीसची रोखे-अदलाबदल घ्या, कोरी स्प्रेडशीट उघडा आणि हेअरकट, म्हणजे धनकोचं टक्क्यांतलं नुकसान, काढा. तास संपत आला तेव्हा फळ्यावर तीन उत्तरं होती: 53.5 टक्के, 77 टक्के आणि 28 टक्के. गट हटून बसले होते आणि तिघांचीही आकडेमोड बरोबर होती.

खासगी धनकोंकडचे सुमारे 200 अब्ज युरोचे रोखे या व्यवहारात होते. जुन्या रोख्याच्या दर 100 युरो दर्शनी मूल्यामागे मिळणार होते 15 युरोचे ईएफएसएफ या युरोपीय निधीचे एक-दोन वर्षं मुदतीचे रोखे आणि 31.5 युरो दर्शनी मूल्याचे ग्रीसचे नवे रोखे. हे नवे रोखे वीस प्रकारचे, 2023 पासून 2042 पर्यंत दरवर्षी एकेक मुदत संपणारे. सोबत जीडीपीशी जोडलेलं एक वॉरंटही होतं, म्हणजे अर्थव्यवस्था वाढली तर जादा पैसे देणारा कागद, पण त्याची किंमत इतकी किरकोळ की शीटमध्ये ते शून्य धरायला सांगितलं.

पहिल्या गटाने 15 आणि 31.5 ची बेरीज करून ती 100 मधून वजा केली. 53.5 आलं. तेव्हा बातम्यांत हाच आकडा होता. पण यात 2042 साली मिळणारा युरो आजच्या युरोइतकाच मोलाचा धरला जातो, आणि रोख्यांच्या बाजारात तसं कोणी धरत नाही.

दुसऱ्या गटाने नव्या रोख्यांचं वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत, काढलं. त्यांचं व्याज पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं: 2015 पर्यंत 2 टक्के, 2020 पर्यंत 3 टक्के, पुढचं एक वर्ष 3.65 आणि नंतर 4.3. शीटमध्ये सरसकट 4.3 टाकलं तर रोखा फुगतो, कारण सवलत दर (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) मोठा असताना सुरुवातीच्या वर्षांचंच वजन जास्त असतं. बाजारातला परतावा 15 टक्क्यांच्या आसपास होता, म्हणून वर्गापुरता सगळ्या मुदतींना 15 टक्के लावला. 2042 चा 100 युरोचा रोखा 21.4 ला आला, 2023 चा 35.7 ला, आणि विसांची सरासरी सुमारे 26. म्हणजे 31.5 युरोच्या नव्या रोख्यांची किंमत जेमतेम 8 युरो. त्यात ईएफएसएफचे 15 मिळवले की पॅकेज 23 चं होतं आणि हेअरकट 77 टक्के.

इथे एक चूक हमखास होते आणि याही वेळी एका शीटमध्ये झाली. ईएफएसएफच्या रोख्यांनाही 15 टक्केच लावले होते. त्यामुळे 15 चे 12 झाले आणि पॅकेज 20 वर घसरलं. ते रोखे ग्रीसचे नाहीत. त्यांच्यामागे युरो क्षेत्रातल्या इतर सरकारांची हमी आहे. देणेकरी बदलला की दरही बदलायला हवा.

तिसऱ्या गटाचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी 2040 ला मुदत संपणारा, 4.6 टक्के व्याजाचा जुना रोखा घेतला आणि विचारलं, पॅकेजची तुलना 100 शी कशासाठी? अदलाबदल नाकारून हाच कागद धरून ठेवला असता तर 15 टक्के दराने त्याची किंमत 32 झाली असती. मग हेअरकट म्हणजे 1 वजा 23 भागिले 32, म्हणजे 28 टक्के. स्टुर्झेनेगर आणि झेटेलमायर या अर्थतज्ज्ञांनी रूढ केलेलं माप हेच: जुना आणि नवा, दोन्ही कागद एकाच दराने मोजायचे.

आता हेच माप 20 मार्च 2012 ला फेडायच्या रोख्याला लावून बघा. मुदत जवळपास संपलेली, त्यामुळे जुन्याचं मूल्य 100 आणि हेअरकट पुन्हा 77. प्रस्ताव सर्वांना एकच, पण जवळच्या मुदतीवाल्याचं नुकसान लांबच्या मुदतीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त.

यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, मग जवळच्या मुदतीचा धनको होकार देईलच कशाला? संपूर्ण व्यवहाराचं मर्म या प्रश्नात आहे. सुमारे 177 अब्ज युरोचे रोखे ग्रीक कायद्याखाली होते. फेब्रुवारी 2012 मध्ये ग्रीसच्या संसदेने कायदा करून त्यांत सामूहिक कृतीचं कलम मागाहून घातलं. निम्म्या मूल्याचे रोखेधारक मतदानात आले आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांनी मान्यता दिली की निर्णय सर्वांवर बंधनकारक. मोजणी सगळ्या रोख्यांची एकत्र, त्यामुळे 20 मार्चचा रोखा कोणी पुरता विकत घेऊन ठेवला असता तरी त्याला व्यवहार अडवता आला नसता. परदेशी कायद्याखालच्या रोख्यांत मात्र एकेका रोख्याचं मत वेगळं होतं. तिथे नकार टिकला, आणि 15 मे 2012 ला अशाच एका रोख्याचे 43.5 कोटी युरो ग्रीसने पूर्ण फेडले. त्या धनकोंचा हेअरकट शून्य.

उरलेल्या वेळात सीडीएस, म्हणजे कर्ज बुडण्यावरचा विमा, घेतलं. 9 मार्चला कलम वापरलं गेलं तेव्हाच आयएसडीए या डेरिव्हेटिव्ह बाजारातल्या संघटनेच्या समितीने ‘क्रेडिट इव्हेंट’, म्हणजे विम्याचे पैसे देय करणारी घटना, जाहीर केला. भरपाई ठरवण्यासाठी 19 मार्चला ग्रीसच्या रोख्यांचा लिलाव झाला, त्यात अंतिम भाव 21.5 ठरला, म्हणजे विमा घेतलेल्याला 100 मागे 78.5 मिळाले. हा आकडा आपल्या 77 ला इतका जवळचा की विद्यार्थ्यांना ती यंत्रणेची करामत वाटली. तो योगायोग होता. ग्रीक कायद्याखालचे जुने रोखे 12 मार्चलाच बदलले गेले होते. लिलावात स्वस्तात मिळणारा कागद म्हणजे लांब मुदतीचा नवा रोखा, आणि त्याची किंमत कमी होती ती मुख्यतः अल्प व्याज आणि तीस वर्षांच्या मुदतीमुळे. ग्रीसने तेवढ्याच मोलाचे, पण दर्शनी मूल्य कमी आणि व्याज चढं असलेले रोखे दिले असते तर लिलावाचा भाव 80 सुद्धा लागू शकला असता. मग 77 गमावलेल्याला विम्याचे 20 मिळाले असते. 2014 च्या आयएसडीए व्याख्यांत (सीडीएस करारांच्या नियमांत) जुन्या रोख्याऐवजी त्याच्या बदल्यात मिळालेलं अख्खं पॅकेज देण्याची सोय केली गेली ती यासाठीच.

घरी करायला दिलेलं गणित: सीडीएसचा स्प्रेड (विम्याचा वार्षिक हप्ता) 500 बेसिस पॉइंट, म्हणजे 5 टक्के, रिकव्हरी (कर्ज बुडाल्यावर हाती उरणारा हिस्सा) आधी 40 टक्के धरा, मग 21.5. स्प्रेडला 1 वजा रिकव्हरीने भागलं की कर्ज बुडण्याची वार्षिक तीव्रता 8.3 टक्के येते, दुसऱ्या वेळी 6.4. पाच वर्षांत कर्ज बुडण्याची शक्यता 34 वरून 27 टक्क्यांवर येते. बाजारातला भाव तोच आहे, बदललं ते फक्त आपलं गृहीतक. म्हणून उत्तरपत्रिकेत शक्यतेच्या शेजारी रिकव्हरी लिहिलेली नसेल, तर ते उत्तर मी तपासायला घेत नाही.