स्किपॅकचे गुरुजी

ऑक्टोबरातल्या शनिवारी फिलाडेल्फियाहून सकाळी निघाले आणि तासाभरात स्किपॅकला पोचले. मका काढून मोकळी झालेली शेतं, लालभडक मेपल. इथं मी आले होते ती ख्रिस्तोफर डॉक या शाळामास्तरांसाठी.

डॉक जर्मनीतून आलेले मेनोनाइट. शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, राहणी साधी ठेवायची, असा हा ख्रिस्ती पंथ. सुरुवातीला त्यांनी इथं शाळा चालवली. मग मधली दहा वर्षं शेती केली. पण देवाने सोपवलेलं काम आपण टाकून दिलं, ही टोचणी जाईना. १७३८ मध्ये ते पुन्हा मुलांत आले आणि अखेरपर्यंत राहिले. आठवड्यातले तीन दिवस स्किपॅकला, तीन दिवस सॅलफर्डला. घरी दोन मुली, सॅलफर्डला शेत, आणि दोन गावांची पोरं.

एका शाळेतल्या मुलांनी दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहायची, आणि ती पोचवणार स्वतः गुरुजी! मला हे फार आवडलं. लिहायला शिकलेल्या मुलाला वाट बघणारा कुणीतरी वाचक नको का?

हार्लिसव्हिलच्या मेनोनाइट संग्रहालयात फ्राक्टुर बघितले. वळणदार जर्मन अक्षरं, भोवती रंगवलेली फुलं, पाखरं. असा चिमुकला कागद गुरुजी मुलांना बक्षीस द्यायचे. एका कागदावरचं पाखरू मी काचेला नाक लावून बघत राहिले. शाई तपकिरी पडलीय, पण चोचीची रेघ एका दमात ओढलेली कळते.

त्यांनी १७५० मध्ये आपली शिकवण्याची पद्धत लिहून काढली. आपलीच स्तुती होईल या संकोचाने ती छापायला मात्र ते तयार नव्हते. छापली गेली १७७० मध्ये. त्यात एक नियम आहे: मुलाला सगळी अक्षरं ओळखता आली की वडिलांनी एक पेनी द्यायची आणि आईने दोन अंडी तळून द्यायची. माझी बाराखडी पुरी झाली तेव्हा आईने केलेला शिरा आठवला.

शेवटी लोअर स्किपॅकच्या चर्चजवळ गेले. तिथं त्यांच्या नावाचा दगड आहे. शाळा सुटल्यावर ते मागे थांबून मुलांसाठी प्रार्थना करायचे. हजेरीची यादी समोर ठेवून एकेका नावासाठी, असं सांगतात. १७७१ च्या शरदात एका संध्याकाळी ते घरी परतले नाहीत. लोक शोधायला गेले, तर वर्गात गुडघ्यांवर बसलेल्या स्थितीतच प्राण गेलेला.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. चार दिवस न आलेल्या पोराच्या नावावर बोट ठेवून ते रात्री हजेरीपटाकडे बघत बसायचे. दगडापाशी उभी राहूनच फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते. सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प.

मग म्हणाले, "अगं, ते दोन अंड्यांचं परत सांग."