युंगबर्ग बघायला गेलो, मॉरिट्झ बघून आलो

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. नेरुळ स्टेशनला उतरून डी वाय पाटील स्टेडियमकडे चालत निघालो तेव्हा माझ्या मित्राच्या अंगात आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबची जुनी जर्सी होती, पाठीवर ८ नंबर आणि युंगबर्गचं नाव. शाळेत असताना दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट असली तरी हा पठ्ठ्या रात्री जागून आर्सेनलच्या मॅच बघायचा आणि २००३-०४ च्या त्या लीगमध्ये एकही मॅच न हरलेल्या टीमची अख्खी लाइनअप त्याला आजही पाठ आहे. आता तोच फ्रेडी युंगबर्ग मुंबई सिटीकडून खेळणार, वर निकोलस अनेल्का पण आपल्याच टीममध्ये, आणि हे सगळं हार्बर लाइनवर! तिकीट काढायला आम्ही कितीसा विचार करणार होतो.

आणि दोघंही खेळले नाहीत. युंगबर्गला दुखापत, अनेल्काची बंदी संपायची होती. मित्राचा चेहराच पडला. पण मग मॅच सुरू झाली आणि आंद्रे मॉरिट्झ नावाच्या एका ब्राझिलियनने, ज्याचं नाव आम्ही दोघांनी त्या दिवसापर्यंत ऐकलेलं नव्हतं, पुण्याविरुद्ध हॅटट्रिक मारली, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधली पहिलीवहिली हॅटट्रिक, आणि आपण ५-० जिंकलो. परतीच्या लोकलमध्ये निळे झेंडे घेतलेली पोरं एकमेकांना विचारत होती, तो मॉरिट्झ कोण रे, आधी कुठे खेळायचा.

हे आज लिहावंसं वाटलं कारण मोठा प्लेअर आणला की क्लबला आणि लीगला नेमकं काय मिळतं यावर ग्रुपवर परत वाद झाला आणि तिथे लिहिता लिहिता माझा मेसेज एवढा वाढला की म्हटलं ब्लॉगवरच टाकू.

पहिली गोष्ट, २०१४ साली जे केलं ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणतो. आठ टीम, आणि प्रत्येकीला एक मार्की प्लेअर, म्हणजे परदेशातला नावाजलेला खेळाडू, घ्यायचाच. दिल्लीला देल पिएरो, गोव्याला रॉबर्ट पिरेस, पुण्याला त्रेझेगे, कोलकात्याला लुइस गार्सिया, चेन्नईला एलानो, नॉर्थईस्टला कापदेविला, आणि केरळला तर डेव्हिड जेम्स गोलकीपर आणि मॅनेजर दोन्ही. लोक म्हणाले रिटायर झालेल्यांची लीग आहे. असू दे ना! मुंबईत त्याआधी फुटबॉल नव्हता का, होता की. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली होती आणि २०१० ला ती टीम बंद झाली, मुंबई एफसी आय-लीगमध्ये खेळत होती, कूपरेजला मॅच व्हायच्या. मी चर्चगेटला उतरून रोज ऑफिसला जायचो, कूपरेज तिथून चालत जाण्याएवढं जवळ, आणि मला त्या मॅचचा पत्ता नसायचा. माझ्यासारखे हजारो असणार ज्यांना इटलीच्या सेरी आ आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं टेबल तोंडपाठ आणि आपल्या गावातल्या क्लबचं नाव माहीत नाही. या माणसाला घरातून उठवून स्टेडियमपर्यंत आणायचं तर त्याच्या ओळखीचा एक चेहरा लागतोच. पहिल्या सीझनला सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास लोक एका मॅचला आले, ते काही उगाच नाही.

पण आलेला माणूस परत कशासाठी येईल, याचं उत्तर त्या नावांमध्ये नव्हतं. सीझन जेमतेम सव्वादोन महिन्यांचा. ऑक्टोबरात सुरू, डिसेंबरात संपला, मार्की साहेब विमानात बसले. युंगबर्ग हातावर मोजण्याएवढ्या मॅच खेळला आणि गेला. पुण्याचं बघा, पहिल्या वर्षी त्रेझेगे, दुसऱ्या वर्षी मुतू, तिसऱ्या वर्षी सिसोको, दरवर्षी नवीन माणूस आणि नवीन पोस्टर. बालेवाडीला ऑरेंज आर्मी या फॅन ग्रुपची पोरं घसा फोडून ओरडायची, ती खरी होती, त्यांनी क्लबवर जीव लावला होता, आणि २०१९ ला क्लबच बंद झाला, टीम हैदराबादला गेली. पुण्यातला माझा एक मित्र तेव्हापासून आयएसएल बघतच नाही. कोणाला सपोर्ट करू, म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग २०१६, दिएगो फोरलान.

याच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. २०१० च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल, म्हणजे बेस्ट प्लेअरचा मान जिंकलेला माणूस, त्या वर्ल्ड कपचा जाबुलानी बॉल भल्याभल्या गोलकीपरना आणि फॉरवर्डना झेपत नव्हता आणि हा त्याच बॉलने लांबून गोल मारत होता. मुंबईत आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याच वर्षी मुंबई सिटी डी वाय पाटील सोडून अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये आली, आणि माझ्या मते फोरलानएवढाच या गोष्टीचा वाटा आहे. डी वाय पाटील क्रिकेटचं ग्राउंड, खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. अंधेरीत सात-आठ हजारच माणसं मावतात पण मध्ये ट्रॅक नाही काही नाही, स्टँड थेट मैदानाला लागून. मेट्रोने आझाद नगरला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं, आणि समोर फोरलान.

मी कॉर्नर फ्लॅगच्या बाजूला बसायचो. तो कॉर्नर घ्यायला आला की बॉल हातात फिरवून नीट एका जागी ठेवायचा, मग उचलायचा, परत ठेवायचा, आणि दोन पावलं मागे जाऊन डोकं वर करून बघायचा की आपली पोरं कुठे उभी आहेत. तेवढ्या चार-पाच सेकंदांत आमचा अख्खा कोपरा गप्प व्हायचा, आणि त्याने हात वर केला की गलका सुरू. कोणी धावायला उशीर केला तर दोन्ही हातांनी जागा दाखवून समजावायचा, भाषा नाही तर हातवारे, पण चिडून नाही. आपल्या पोरांना वर्ल्ड कपचा बेस्ट प्लेअर उभं राहायचं कुठे हे शिकवतोय आणि मी ते वीस फुटांवरून बघतोय, हे मला टीव्हीवर कधी दिसलं असतं?

१९ नोव्हेंबरला केरळा ब्लास्टर्सची मॅच होती. नोटाबंदी होऊन अकरा दिवस झाले होते, सकाळी दोन तास एटीएमच्या लाइनीत उभा राहून हातात दोन हजारांची एक गुलाबी नोट आली होती आणि ती कोणी मोडून देईना. स्टेडियमबाहेरच्या वडापाववाल्याने नोट बघितली आणि म्हणाला राहू द्या, पुढच्या मॅचला द्या. त्याने गृहीत धरलं होतं की मी पुढच्या मॅचला येणार! आणि मी पण धरलं होतं. मुंबईतली मल्याळी मंडळी पिवळ्या जर्सी घालून मोठ्या संख्येने आली होती, आवाज त्यांचाच जास्त, आणि फोरलानने सुरुवातीलाच दोन मारले. मग तिसरा. ५-०. तिसऱ्या गोलनंतर माझ्या शेजारचे एक काका, पन्नाशीचे असतील, ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसलेले, उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले, बसलेच नाहीत मॅच संपेपर्यंत.

त्या वर्षी आपण टेबलमध्ये पहिले आलो. आदल्या दोन सीझनला सातवे आणि सहावे होतो. फोरलानचे गोल पाचच आहेत, आकड्यात बघाल तर काय एवढं असं वाटेल, पण टीमला उभं राहायला एक कणा लागतो तो त्याने दिला, आणि अलेक्झांद्र गिमारायस कोच होता त्याचं श्रेय पण कमी नाही. सेमीफायनलला कोलकात्यात ३-२ हरलो आणि फोरलानला रेड कार्ड मिळालं म्हणजे अंधेरीची मॅच त्याच्याशिवाय खेळायची. १३ डिसेंबरला, मंगळवारी, ऑफिसमधून लवकर निघून गेलो. कोलकात्याचा एक जण हाफटाइमच्या आधीच रेड कार्ड मिळून बाहेर गेला तरी आपल्याला एक गोल मारता आला नाही, ०-०, आणि दोन्ही मॅच मिळून आपण हरलो. पण स्टेडियम भरलेलं होतं. फोरलान खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत असताना भरलेलं होतं. २०१४ ला माझा मित्र युंगबर्ग नाही म्हणून हिरमुसला होता आणि दोन वर्षांनी तोच मित्र त्या दिवशी फोरलान नसताना माझ्या शेजारी बसून ओरडत होता, अंगात निळी जर्सी. मोठ्या प्लेअरचा परिणाम विचाराल तर माझ्यासाठी तो हा आहे. इन्स्टाग्रामचे फॉलोअर किती वाढले ते नाही.

मेसीचं उदाहरण सगळे देतात, देऊ दे, ते बरोबर आहे. २०२३ ला तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याची टीम इंटर मायामी आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, तळाला होती, २१ जुलैला क्रूझ अझुलविरुद्ध बदली म्हणून आला आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्रीकिक मारून जिंकून दिलं, महिन्याभरात लीग्ज कप पण जिंकला. कॅन्सस सिटीने तर २०२४ ला त्याच्यासाठी मॅच आपल्या छोट्या स्टेडियममधून उचलून अ‍ॅरोहेडला नेली, ७२,६१० लोक आले. पण तो तिथे राहिला ना! दर आठवड्याला खेळला, हरला, दुखापती झाल्या, परत आला, २०२५ चा अमेरिकन लीगचा एमएलएस कप जिंकला. पोरांना त्याची सवय झाली. दुसरीकडे त्याची दुखापत असली की काय होतं ते पण त्यांनी बघितलं, ऑक्टोबर २०२३ ला शिकागोत ६२ हजार लोक आले आणि तो खेळलाच नाही. पण शिकागोने ती मॅच ४-१ जिंकली, आणि मला खात्री आहे त्या ६२ हजारांतली काही घरी जाताना शिकागोची झाली असणार.

आपल्याकडे २०१७ पासून मार्कीची सक्ती गेली. रॉबी कीन, बर्बातोव्ह आले, फार काही झालं नाही. पण गोव्याला कोरो आला. फेरान कोरोमिनास, बाहेर कोणाला फारसं माहीत नसलेला स्पॅनिश स्ट्रायकर, पहिल्या सीझनला १८ गोल आणि दुसऱ्याला १६. मडगावला माझी मावशी राहते, तिच्या शेजारच्या घरातला मुलगा फातोर्ड्याच्या स्टेडियमला एकही मॅच सोडायचा नाही आणि त्याला पिरेस आठवत पण नाही, कोरो आठवतो. म्हणजे स्टार बाहेरून आणावाच लागतो असं नाही, तो इथेही घडतो, फक्त त्याला दोन-तीन वर्षं त्याच जर्सीत दिसू द्यावं लागतं.

आणि इंडियाचा कॅप्टन होता त्या सुनील छेत्रीचं विसरू नका. जून २०१८, अंधेरीतच, इंडियाने चायनीज तैपेईला ५-० हरवलं आणि स्टेडियममध्ये २,५६९ लोक. त्या दिवशी मी पण नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं. मग छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा पण स्टेडियमला येऊन बघा, आणि ४ जूनच्या केनियाच्या मॅचला धो धो पावसात हाऊसफुल. ती त्याची शंभरावी मॅच, दोन गोल मारले. भिजून चिंब झालो होतो, बूट दोन दिवस वाळले नाहीत.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. ऑगस्ट २०२३ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ झाला आणि मुंबई सिटीच्या ग्रुपमध्ये सौदीची अल हिलाल आली, म्हणजे त्यांच्याकडून खेळणारा नेमार! भाचा नऊ वर्षांचा, रोज फोन, मामा तिकीट काढलंस का. ऑक्टोबरात नेमारचा गुडघा गेला. मी घाबरत घाबरत त्याला सांगितलं, तो रडला, मग म्हणाला तरी जाऊया. ६ नोव्हेंबरला डी वाय पाटीलला गेलो. रियाधमध्ये ६-० हरलो होतो त्यामुळे माझ्या पोटात गोळा, पण आपली पोरं तासभर ०-० धरून होती, आपला गोलकीपर फुर्बा लाचेनपाने काय काय अडवलं त्या दिवशी! शेवटी २-० हरलो, एक जण कमी असताना. पण लालियानझुआला छांगतेने उजवीकडून बॉल घेऊन धाव घेतली की भाचा खुर्चीवर उभा. ट्रेनमध्ये त्याने विचारलं, मामा हा सात नंबर इथलाच आहे का, मुंबईचा? म्हटलं मिझोरमचा आहे, पण आपला आहे.

ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला रोनाल्डोची टीम अल नासर आली तेव्हा रोनाल्डो आला नाही. एफसी गोवा २-१ हरली पण गोल मारला तो गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने. आणि डिसेंबरात मेसी वानखेडेला आला, सचिनने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली, मेसीने छेत्रीला आपली दिली. ते बघताना मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आदल्या दिवशी कोलकात्यात तो नीट दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या तोडल्या, त्यांचा राग मला कळतो. पण ज्या दिवशी वानखेडेवर एवढी गर्दी होती त्या दिवशी आपली लीग सुरूच झालेली नव्हती, एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होते ती डिसेंबर अर्धा झाला तरी कराराच्या घोळात अडकलेली. अंधेरीचं ग्राउंड रिकामं. क्लबचे प्लेअर पगाराची, प्रॅक्टिसची काळजी करत बसलेले. हे मला फार लागलं.

भाच्याला मी मेसीच्या कार्यक्रमाला नेऊ का विचारलं होतं. तिकिटं महाग होती पण त्याच्यासाठी काढली असती. तो म्हणाला, मेसी खेळणार आहे का? म्हटलं नाही, नुसता येणार. मग नको, म्हणाला, आपली मॅच कधी आहे ते सांग.