गेम बनवणाऱ्यांची नावं का छापली नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि तुमच्याआधी इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट सांगून टाकावं म्हणते. जुन्या व्हिडिओ गेम्सची कार्ट्रिजेस जमवणारे, गेम्सचा इतिहास लिहिणारे, प्रबंध करणारी मुलं, सगळ्यांचा प्रश्न फिरून तोच असतो. १९८१-८२ मध्ये व्हिडिओ गेमच्या मासिकात लिहिताना तुम्ही गेम बनवणाऱ्यांना समोरासमोर भेटत होतात, मग तुमच्या लेखांत त्यांची नावं का नाहीत? माहीत नव्हती, की कंपन्यांना घाबरलात?

माहीत होती.

अटारी या गेम कंपनीच्या वॉरन रॉबिनेटने आपल्या 'अ‍ॅडव्हेंचर' गेममध्ये स्वतःच्या नावाची खोली लपवली हे मला कृपा करून परत सांगू नका. चौघं प्रोग्रामर अटारीतून बाहेर पडले, १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही त्यांची कंपनी उभी राहिली आणि मॅन्युअलमध्ये डिझायनरचं नाव, फोटो, त्याने दिलेल्या टिपा असं सगळं यायला लागलं, हेही ठाऊक आहे. त्यावरून तुम्ही म्हणता की नाव छापणं शक्य होतं. होतं ना, मालकाच्याच मनात असेल तर. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी नाव बाहेर गेलं की दुसरी कंपनी माणूस पळवेल ही भीती होती, जपानी गेम्समध्ये तर पुढे कितीतरी वर्षं टोपणनावंच यायची ती याच कारणाने.

आणि आमचं काम कसं चालायचं तेही बघा. अंक विक्रीला यायच्या तीन-चार महिने आधी मजकूर बंद व्हायचा, म्हणजे अजून बाजारात न आलेल्या गेमवर लिहायचं, आणि तो गेम कंपनी देईल तेव्हाच हातात पडणार. आज तुम्ही बटण दाबून स्क्रीनशॉट घेता. आम्ही खोलीत अंधार करून, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून टीव्हीचा फोटो काढायचो. शटर वेगात ठेवलं तर पडद्यावर काळा पट्टा यायचा आणि सावकाश ठेवलं तर हलणारं सगळं फिसकटायचं, त्यात अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राला पॉजचं बटण नाही, म्हणून एकाने जॉयस्टिक धरून गेममधल्या माणसाला जमेल तितकं स्थिर ठेवायचं आणि दुसऱ्याने फोटो घ्यायचा.

आता जे मी कधी नीट सांगितलेलं नाही ते. अशाच एका फोटोच्या वेळी जॉयस्टिक धरून बसला होता तो तो गेम बनवणाराच. कंपनीचं नाव सांगणार नाही. मार्केटिंगचा माणूस बरोबर आला होता पण फोनसाठी बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. गेम म्हणजे नुसता उघडा बोर्ड, त्यावर गेम साठवलेली ईप्रॉमची चिप. त्या चिपला वर छोटी खिडकी असते, तिच्यातून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश आत गेला की सगळं पुसलं जातं, म्हणून वर स्टिकर लावतात. त्या स्टिकरवर बॉलपेनने तारीख लिहिली होती आणि खाली त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं. बाकी खोक्यावर, पत्रात, कुठेच नाही.

तो बोलायला लागला आणि मी फोटो विसरून ऐकतच राहिले. १२८ बाइट रॅम, ४ किलोबाइटमध्ये अख्खा गेम, आणि चित्र साठवायला जागाच नाही, त्यामुळे टीव्हीचा किरण एक ओळ काढून पुढच्या ओळीवर जातो तेवढ्यात त्या ओळीचं चित्र तयार पाहिजे, प्रत्येक ओळीला, प्रत्येक वेळी. कुठे दोन बाइट वाचले ते तो बोट ठेवून दाखवत होता. मी विचारलं, हे तुझ्या नावाने लिहू? तो म्हणाला, लिही.

लिहिलं. पानं लागली. छपाईला जायच्या आदल्या रात्री त्याचा फोन, तेवढं नाव काढ. मी म्हटलं तू स्वतः हो म्हणालास, आणि कुणाला तरी सुरुवात करावीच लागणार ना. तो जरा थांबला आणि म्हणाला, लेखावर तुझं नाव आहे ना?

टोमणा मारत नव्हता तो, खरंच विचारत होता. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

'गेमच्या डिझायनरने सांगितलं' असं करून पान गेलं. त्याने सांगितलं म्हणून काढलं, नोकरी त्याची जाणार होती, माझी नाही, मग तत्त्वासाठी त्याचा बळी देणारी मी कोण? हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं हेही खरं. त्या कंपनीचे पुढचे गेम आपल्याला मिळत राहणार, हा विचार त्याच्या नोकरीच्या विचाराच्या आधी आला की नंतर ते मला सांगता येत नाही. तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणेल नंतर. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही, पण तिला खोटी ठरवायलाही माझ्याकडे काही नाही.

पुढे १९८३ मध्ये व्हिडिओ गेमच्या धंद्याची पडझड झाली, ती कंपनी गेली, आमचं मासिकही गेलं, त्या डिझायनरचा पत्ता लागला नाही. आणि आज त्या गेमपुढे दुसऱ्याच माणसाचं नाव लागलंय, कुठला गेम कुणी बनवला याच्या सगळ्या याद्यांमध्ये. मी कळवलं, तर म्हणाले छापील पुरावा द्या. त्या गेमवरचा त्या काळातला छापील लेख माझ्या माहितीत एकच आहे, माझा, आणि त्यात नुसतं 'डिझायनर' आहे.

मग आता तरी सांगा की नाव, असं तुम्ही म्हणाल, म्हणताच. त्याने 'काढ' सांगितलं होतं, 'आता लाव' असं कधी सांगितलं नाही. नोकरीचं कारण केव्हाच संपलं हे मलाही कळतं. पण त्याला दुसरं काही कारण असेल तर? सध्याचं नाव चुकीचं आहे एवढं मी कुठेही सही करून द्यायला तयार आहे. बरोबर नाव त्याच्या परवानगीशिवाय मी सांगावं का, हे माझं अजून ठरत नाहीये.