कॅपची वही: एनएचएलच्या पगारमर्यादेचा हिशोब कुठवर आलाय

वहीत आता सात पानं झालीत. चारांवर डोळे झाकून भरवसा ठेवता येतो, दोन अर्धवट आहेत आणि एक मुद्दाम कोरं ठेवलंय. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आईस हॉकी लीगमधल्या एखाद्या संघाचा पगाराचा हिशोब ज्यांना घरी गूगल शीट्समध्ये मांडायचाय, त्यांच्यासाठी इथवरचं काम, चुका आणि चुकांची कारणं लिहून ठेवतोय. कॅप म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा. 2025-26 ची वरची मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर आहे, खालची 7 कोटी 6 लाख. 2005-06 मध्ये कॅप पहिल्यांदा आली तेव्हा वरची मर्यादा फक्त 3 कोटी 90 लाख होती.

आकडे आणि तारखा

सूत्रं कितीही चोख असली तरी पहिल्या दोन चुका भरतानाच होतात. पहिली आकड्यांची. अमेरिकी यादीतून ‘9.5 एम’ (95 लाख) असं उचलून चिकटवलं की शीट ते अक्षर धरतं आणि बेरीज त्याला गपचूप सोडून देते. संघ मर्यादेखाली दिसतो, आपण खूश होतो आणि एक अख्खा स्टार खेळाडू हिशोबातून गायब असतो. दुसरं म्हणजे 95,00,000 आणि 9,500,000 एकाच रकान्यात आले की शून्य मोजताना डोळा फसतो. म्हणून मूळ रकान्यात स्वल्पविराम न देता पूर्ण आकडा लिहावा आणि लाखातलं रूप शेजारच्या रकान्यात दाखवावं.

दुसरी चूक तारखेची, आणि ही आपल्याकडे बसून हिशोब करणाऱ्यांचीच खास आहे. ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची मुदत) संपते ती पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार दुपारी 3 वाजता. 6 मार्च 2026 ची ती वेळ म्हणजे आपली 7 मार्चची रात्र, दीड वाजता. बातमी वाचून 7 तारीख टाकली की एक दिवस सरकतो. कॅप रोजच्या रोज मोजली जाते, त्यामुळे एक दिवस म्हणजे थेट पैसे. सोयीसाठी मोसम 190 दिवसांचा धरला (खरा आकडा दर वर्षी बदलतो, त्याला स्वतंत्र चौकट ठेवावी), तर 95 लाखांचा खेळाडू दिवसाला 50,000 डॉलर खातो. डेडलाइनला 40 दिवस उरलेले असताना एवढीच चूक खरेदीच्या ताकदीत 2,37,500 डॉलरचा फरक पाडते. सगळ्या तारखा पूर्व अमेरिकेच्या, हा नियम वहीच्या पहिल्याच ओळीत लाल अक्षरात लिहून ठेवलाय.

रोजच्या हिशोबाचं पान

हे पूर्ण झालंय. कॅप हिट म्हणजे कराराची एकूण रक्कम भागिले करारातली वर्षं. त्या वर्षी हातात प्रत्यक्ष किती पगार पडतो याच्याशी तिचा संबंध नाही. कॅप हिटला मोसमाच्या दिवसांनी भागायचं आणि खेळाडू जितके दिवस यादीत होता तितक्या दिवसांनी गुणायचं.

गंमत आहे ती साठत जाणाऱ्या जागेत. संघाची बेरीज 9 कोटी 45 लाख, म्हणजे 10 लाखांची जागा मोकळी. ती 150 दिवस हात न लावता ठेवली, तर उरलेल्या 40 दिवसांसाठी 10 लाख गुणिले 190 भागिले 40, म्हणजे 47 लाख 50 हजार कॅप हिटचा खेळाडू घेता येतो. विकणाऱ्या संघाने निम्मा पगार स्वतःकडे ठेवला, तर तोच खेळाडू मुळात 95 लाखांचा असू शकतो. ऑक्टोबरमधल्या 10 लाखांत मार्चला पहिल्या फळीतला माणूस येतो, आणि यात पळवाट कसलीच नाही. नेटका संसार करणाऱ्या व्यवस्थापकाला हे बक्षीस मिळतं, आणि ते मिळायलाच हवं.

साध्या जखमी यादीत टाकलेला खेळाडू पूर्ण मोजला जातो. ती यादी संघातली जागा मोकळी करते, पैसे नाही. या एका गोंधळामुळे पुष्कळ वह्या चुकतात.

एलटीआयआरचं पान

सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्लाय. दीर्घ दुखापतीच्या या यादीसाठी खेळाडू किमान 24 दिवस आणि 10 सामने बाहेर राहणार असावा लागतो. ‘एलटीआयआरने कॅपमध्ये जागा मिळते’ असं सर्रास म्हटलं जातं आणि वहीही आधी तशीच मांडली होती. ते चूक आहे. जागा मिळत नाही, मर्यादा ओलांडायची परवानगी मिळते. जखमी खेळाडूची कॅप हिट बेरजेतून काढायचीच नाही. ती वजा केली की पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

मोसम चालू असताना यादीत टाकलं तर सूट निघते ती अशी: खेळाडूची कॅप हिट, वजा त्या क्षणी शिल्लक असलेली जागा. बेरीज 9 कोटी 53 लाख असताना 95 लाखांचा खेळाडू गेला, तर सूट 93 लाख, आणि एकूण बेरीज 10 कोटी 48 लाखांपर्यंत नेता येते. तेच बेरीज 9 कोटी 35 लाख असताना घाई केली, तर छत 10 कोटी 30 लाखांवरच अडतं. खेळाडू तोच, दुखापत तीच, आणि 18 लाखांचं नुकसान. म्हणून संघ आदल्या दिवशी एएचएल या दुय्यम लीगमधून दोन-तीन पोरं बोलवून बेरीज मर्यादेला अगदी टेकवायचे, खेळाडूला एलटीआयआरवर टाकायचे आणि पोरांना परत पाठवायचे. वहीत या क्रमासाठी तीन ओळी ठेवल्यात: बोलावणं, यादीत टाकणं, परत पाठवणं. क्रम उलटा झाला की चौकट लाल होते.

सूट वापरात असताना रोजची जागा साठणं बंद होतं, हे सूत्रात घालायला विसरू नका. शिवाय पहिल्या करारातल्या तरुणांनी कामगिरीचे बोनस कमावले आणि मोसमाअखेर जागा नसली, तर ती रक्कम पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून कापली जाते. एलटीआयआरची ही खरी किंमत, आणि ती मोसम संपल्यावरच दिसते.

आता वादाचा भाग. 2025 पर्यंत कॅप नियमित मोसमापुरतीच मोजली जायची, प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) नाही. जखमी खेळाडू मोसमातल्या शेवटच्या दिवसानंतर परतला की त्याच्या जागी आणलेले आणि तो, दोघंही खेळायचे. 2015 मध्ये शिकागोचा पॅट्रिक केन फेब्रुवारीत खांद्याजवळचं हाड मोडून बाहेर गेला. संघाने आन्त्वान व्हर्मेट आणि किमो टिमोनेन आणले, केन प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात उतरला आणि एनएचएलचा चषक शिकागोला गेला. 2020-21 मध्ये टॅम्पा बेचा निकिता कुचेरोव्ह कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे मोसमातले सगळे 56 सामने मुकला आणि प्लेऑफच्या 23 सामन्यांत 32 गुण मिळवून गेला. 2023 मध्ये व्हेगासचा मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या फेरीत परतला आणि अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात हॅटट्रिक केली. 2025 मध्ये फ्लोरिडाचा मॅथ्यू कचक बाहेर असताना संघाने सेथ जोन्स आणि ब्रॅड मार्शंडला घेतलं. चषक फ्लोरिडाचाच.

कुचेरोव्ह, स्टोन आणि कचक या तिघांचाही करार 8 वर्षं, 7 कोटी 60 लाख डॉलर. कॅप हिट नेमकी 95 लाख. वहीतली सगळी उदाहरणं याच आकड्यावर बेतलीत ती त्यामुळेच.

या यादीत 2024 चं व्हेगासही लिहावं लागतं. स्टोनची प्लीहा फाटली, टोमास हर्टल आणि नोआ हॅनिफिन आले, स्टोन परतला आणि संघ पहिल्याच फेरीत डॅलसकडून सात सामन्यांत हरला. दुखापती खोट्या होत्या असं आपलं म्हणणं नाही. शस्त्रक्रिया खऱ्या होत्या, परतीची तारीख तेवढी सोयीची होती.

टॅम्पाच्या शर्टावरचा आकडा

2021 च्या विजयानंतर कुचेरोव्हने ‘मर्यादेपेक्षा 1 कोटी 80 लाख डॉलर वर’ असं छापलेला शर्ट घातला. तो आकडा वहीत उलगडून पाहिला. टॅम्पाने डिसेंबर 2020 मध्ये ओटावाकडून मारियन गाबोरिक (48 लाख 75 हजार) आणि अँडर्स निल्सन (26 लाख) यांचे करार घेतले होते. दोघंही न खेळणारे, थेट एलटीआयआरवर जाणारे. कुचेरोव्हचे 95 लाख मिळवले की 1 कोटी 69 लाख 75 हजार होतात. म्हणजे शर्टावरच्या आकड्याचा मोठा भाग या तीन करारांच्या सुटीतून आलाय. पण एकूण बेरजेतले गाबोरिक आणि निल्सन बर्फावर कधी उतरलेच नाहीत. त्यांचे 74 लाख 75 हजार आणि बाकावरचे राखीव वगळले, की प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचा जादा खर्च बराच खाली येतो. फायदा खराच होता, शर्टाएवढा मात्र नव्हता.

प्लेऑफचं नवं पान (अर्धवट)

लीग आणि खेळाडू संघटनेतल्या नव्या सामूहिक करारातले काही नियम 2025-26 पासूनच लागू झालेत. प्लेऑफमध्ये त्या दिवशी उतरणाऱ्या 20 खेळाडूंची (18 स्केटर, 2 गोलरक्षक) कॅप हिट, अधिक बायआउट (पैसे देऊन मोडलेले करार) आणि राखलेल्या पगाराचा (विकलेल्या खेळाडूच्या पगारातला स्वतःकडे ठेवलेला वाटा) मृत भार, एवढं मर्यादेच्या आत बसायला हवं. दुखापतीची सूटही आटली. खेळाडू त्याच मोसमात परतणार असेल, तर ती आदल्या मोसमातल्या लीगच्या सरासरी पगाराएवढीच, 2025-26 मध्ये सुमारे 38 लाख डॉलर. पूर्ण सूट हवी तर त्याने नियमित मोसम आणि प्लेऑफ दोन्हीवर पाणी सोडायचं.

सूत्रात बदल छोटा आहे: सूट काढताना कॅप हिटऐवजी ‘कॅप हिट आणि सरासरी पगार यांतलं जे लहान ते’ घ्यायचं, आणि ‘मोसमभर बाहेर’ असा होय-नाहीचा रकाना जोडायचा. एएचएलला कागदोपत्री पाठवून लगेच बोलवायची सोयही गेली. तिथे निदान एक सामना खेळावा लागतो.

पण 20 म्हणजे 20, अख्खा संघ नव्हे. राखीव मोजले जात नाहीत, म्हणून दर सामन्याला वेगळी जुळणी करायला वाव आहे. एखादा महागडा बचावपटू एका सामन्यात बसवायचा, दुसऱ्यात खेळवायचा. यापुढच्या करामती इथे दिसतील असा आमचा अंदाज आहे.

राखलेला पगार

एका करारात जास्तीत जास्त 50 टक्के, एका संघाला एका वेळी तीनच करार. दोन संघांनी पाठोपाठ राखला की पाव पगारात खेळाडू मिळायचा. फेब्रुवारी 2023 मध्ये रायन ओ’रायलीचे 75 लाख असेच वाटले गेले: सेंट लुईसने 37.5 लाख राखले, मधल्या मिनेसोटाने 18.75 लाख, टोरांटोच्या वाट्याला 18.75 लाख. मिनेसोटाला या दलालीचा चौथ्या फेरीतला पिक (नवोदित खेळाडू निवडायचा हक्क) मिळाला. आता दोन राखणींमध्ये नियमित मोसमातले 75 दिवस जावे लागतात, त्यामुळे डेडलाइनच्या दिवशी तिसरा संघ मध्ये घालणं संपलं. वहीत पहिल्या राखणीची तारीख टाकली की उरलेलं शीट स्वतः सांगतं.

जुन्या करारांचं पान

2010 मध्ये न्यू जर्सीने इल्या कोवालचुकला 17 वर्षांचा, 10 कोटी 20 लाखांचा करार दिला. पहिल्या 10 वर्षांत 9 कोटी 50 लाख, शेवटच्या 7 वर्षांत मिळून 70 लाख. शेपूट लांबवून कॅप हिट 60 लाखांवर आणली होती. लीगने करार फेटाळला, लवादाने लीगची बाजू घेतली. मग 15 वर्षं आणि 10 कोटींचा करार मंजूर झाला. तोही 2013 मध्ये तो रशियाला निघून गेल्याने तुटला, आणि न्यू जर्सीच्या कॅपवर 2024-25 पर्यंत दर वर्षी अडीच लाखांचा डाग राहिला.

हा डाग म्हणजे ‘रिकॅप्चर’: संघाने दिलेला पगार वजा तेवढ्या काळात मोजलेली कॅप हिट, भागिले उरलेली वर्षं. रॉबर्टो लुओंगोच्या 12 वर्षांच्या, 6 कोटी 40 लाखांच्या करारामुळे 2019 ला तो निवृत्त झाल्यावर व्हँकूव्हरला तीन वर्षं सुमारे 30 लाख 30 हजारांचा भार सोसावा लागला. करार झाला तेव्हा हा नियम नव्हताच, आणि मान्य झालेल्या करारावर मागून दंड लावणं आम्हाला आजही पटत नाही.

वेड रेडेनचं प्रकरण एका ओळीचं: न्यूयॉर्क रेंजर्सनी 65 लाखांचा खेळाडू एएचएलला पाठवला आणि तो कॅपमधून पूर्ण नाहीसा झाला. 2013 पासून किमान पगार अधिक 3,75,000 एवढीच सूट मिळते, म्हणजे 2025-26 मध्ये 11 लाख 50 हजार.

कोरं पान: राज्यकर

फ्लोरिडा, नेवाडा, टेक्सस, टेनेसी आणि वॉशिंग्टन इथे राज्याचा आयकर नाही. तिथे सहा संघ आहेत, आणि 2020 ते 2025 च्या सहा चषकांपैकी पाच टॅम्पा, व्हेगास आणि फ्लोरिडाने नेले. पण नॅशव्हिल आणि सिअॅटलही याच सहांत आहेत, आणि दोघांची चषकाची पाटी कोरी आहे. शिवाय बाहेरगावच्या सामन्यांच्या दिवसांवर ते ते राज्य आपला कर लावतं, त्यामुळे घरच्या राज्याची सूट पूर्ण पगाराला लागत नाही. संघाचं वेळापत्रक आणि कराराचा बोनस-पगार असा वाटा भरल्याशिवाय या पानावर एकही आकडा लिहायचा नाही, असं ठरलंय.

पुढचं काम प्लेऑफच्या पानाचं. 23 जणांच्या यादीतून 20 निवडणारे टिकबॉक्स, शेजारी मृत भाराची वेगळी चौकट, आणि 2021 च्या टॅम्पाची यादी नव्या नियमाने सामन्यागणिक तपासणं. त्यासाठी 23 सामन्यांचे संघ भरायचेत. पहिल्या फेरीचे सहा भरून झालेत.